वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायचे आहे

प्रश्न (ऐरोली) : वडिलांचा 2014 सालचा, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप सुरू व्हायलाच फार वेळ घेतो, म्हणून त्यावर विंडोज 10 नव्याने टाकायचा विचार आहे, मात्र आत त्यांचे बँकेचे कागद आणि आईचे जुने फोटो असल्याने सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर (कळवा) : आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातले काही फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, कारण फाइलचे नाव दिसले म्हणजे ती शाबूत असतेच असे नाही.

उत्तर (नेरूळ) : विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीचे हार्डवेअर) लागते, जे इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा नसेल. बँकेचे व्यवहार त्यावरच होणार असतील, तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सुचवेन. ते 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून, मूळ डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. वाय-फाय आणि प्रिंटर तेव्हाच तपासून घ्या.

उत्तर (कळवा) : सहमत आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवलीत, तर सुरू व्हायला लागणारा वेळ पुष्कळ कमी होईल.