मदत हवी आहे : कावळे डिकॉयपर्यंत (भुलवायला ठेवलेल्या नकली पक्ष्यांपर्यंत) येतात, पण टप्प्यात येत नाहीत

मंडळी, अमेरिकेत शिकार करणारं कुणी आहे का इथे? मी पेनसिल्व्हेनियात असतो. शेजारच्या शेतकऱ्याच्या मक्यावर कावळ्यांचे थवे उतरतात, त्याच्या परवानगीने तिथे बसतो. लायसन्स आहे, सीझनही चालू आहे. (१९७२ पासून इथे कावळ्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, राज्यांना वर्षात जास्तीत जास्त १२४ दिवस शिकार खुली ठेवता येते, तीही ऐन विणीच्या काळात नाही. त्यामुळे कृपया त्यावर वाद नको. पितृपक्षाचे टोमणे घरी पुरेसे मिळतात.)

बंदूक बारा बोअर, छर्रे साडेसात नंबरचे. कुंपणाच्या खांबावर प्लास्टिकचं शिंगळं घुबड, भोवती कावळ्यांचे डिकॉय. भांडणाचा कॉल (कावळ्यांच्या भांडणासारखा आवाज) वाजवला की पहिला टेहळ्या लगेच येतो, घुबडावरून एक गिरकी मारतो आणि साठेक यार्डांवरच वळतो. मग बाकीचे लांबच्या ओकवर बसून नुसता कल्ला करतात. इतक्या लांबून मारून पाखरू जखमी करायचं नाही मला.

डिकॉय उन्हात चकाकतात, हा माझा पहिला संशय. त्यांना काळी मखमली भुकटी लावतात म्हणे. घरी कुणी लावली आहे का, पावसात टिकते का? दुसरं, चेहऱ्यावर जाळी घेतो, पण हात उघडे असतात. तेवढंही दिसतं का त्यांना? आणि टेहळ्या आला की कॉल बंद करायचा की चालू ठेवायचा?