मदत हवी आहे : गुडघा झिजला, सतरा पायऱ्यांचा जिना आहे तसाच (नाशिक)

दोरा_सुई :

नमस्कार. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ५६. पंचवटीत काळारामाच्या बाजूला जुना वाडा आहे, त्यात आम्ही वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, सतरा पायऱ्या, कठडा नाही. धरायला वरून सोडलेला दोर. ब्लाउज शिवते, एकतीस वर्षं झाली, तीही पायमशीनवर. कापड बेतायचं ते जमिनीवर मांडी घालून.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मोदक वळायला बसले आणि उठताच येईना. जावेने दोन्ही हात धरून उभं केलं. तेव्हा हसण्यावारी नेलं. आता जिना चढताना दुखतं, उतरताना त्याहून जास्त. सकाळी दहा मिनिटं पाय लाकूड झालेला असतो. बसून उठलं की पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकायची. आतून कटकट आवाज येतो, संध्याकाळी सूज येते. बुधवारचा बाजार माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरतो, पण तिथे गेल्याला वर्ष झालं.

एक्स-रे काढला. झिजेची ग्रेड उजव्याची ३, डाव्याची २ (४ म्हणजे सगळ्यात जास्त झीज). पहिल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि पाच मिनिटांत सांगितलं, "गादी झिजली, आता बदलून टाका." दुसरे म्हणाले, "एवढ्यात कशाला, साठीपर्यंत ओढा, व्यायाम करा," आणि व्यायामाच्या चित्रांची झेरॉक्स हातात दिली. त्या चित्रातली बाई हसत पाय उचलते. मी उचलला की डोळ्यांत पाणी. तेव्हा दुखत असताना व्यायाम करायचा की थांबवायचा? घरात दोन तट आहेत. नवरा म्हणतो चालत राहा, मुलगी म्हणते आई तू बस.

वजन ७४, उंची पाच फूट एक इंच. बीपीची गोळी चालू आहे. दुखण्याची गोळी मेडिकलमधून आणते, रोज एक, लग्नसराईत दोन.

आणि एक गोष्ट, जी डॉक्टरांना सांगता येत नाही. हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि माझ्यासाठी खुर्ची. देवी बसवल्यासारखी मी उंचावर, बायका खाली, ओटी भरायला त्यांनी उठायचं. भजनी मंडळ मी त्यापायीच सोडलं. सासूबाई ८१ वर्षांच्या, अजून मांडी घालून तांदूळ निवडतात. बोलत काही नाहीत, पण माझ्याकडे बघतात.

ऑपरेशन करू का थांबू, एवढंच विचारत नाहीये. हे घेऊन रोज जगता कसे, ते सांगा. नाशिकमधलं कोणी असेल तर फारच बरं.

निवृत्त_मास्तर :

ताई, मी नाशिकरोडचा. वय ६९. उजवा गुडघा चार वर्षांपूर्वी बदलला, डावा माझाच आहे आणि तोही कुरकुरतो. म्हणजे दोन्ही बाजूंचा अनुभव एकाच देहात.

ऑपरेशनबद्दल लोक दोनच गोष्टी सांगतात : एकतर "काकू आता पळतात" किंवा "आमच्याकडची एक बाई अंथरुणालाच खिळली". माझं दोन्ही नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. पहिले सहा आठवडे गुडघा वाकवण्याचा व्यायाम म्हणजे शिक्षा होती, मुलांना मी दिल्या त्या सगळ्या फेडल्या. तीन महिन्यांनी कुबडीशिवाय भाजी आणली. आता चालतो, जिना चढतो, रात्री झोपतो. मांडी घालून बसणं मात्र गेलं. उकिडवं बसू नका, असं मला आधीच बजावलं होतं. तुमचं काम जमिनीवरचं आहे, तेव्हा हे ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या. नंतर कळून उपयोग नाही.

माझी चूक उलट दिशेची. मी फार थांबलो. पाय धनुकलीसारखा बाहेर बाकला, मांडीचे स्नायू वाळले, मग सुधारायला दुप्पट वेळ लागला. साठीची रेघ वगैरे काही नसते. रात्रीची झोप उडते का, औषध-व्यायाम मनापासून करूनही घरातल्या घरात अडतं का, हे बघायचं. कृत्रिम सांधा दहातल्या साधारण आठ जणांना पंचवीस वर्षं पुरतो, म्हणून डॉक्टर तरुण रुग्णाला थांबा म्हणतात. तेही काही खोटं नाही.

खर्चाचं : ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले. त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. पण हा फक्त सांध्याचा भाव. खोली, भूल, सर्जनची फी सगळं वेगळं. लेखी अंदाजपत्रक मागा आणि बिलात सांध्याची रक्कम स्वतंत्र लिहून घ्या. जन आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड घेऊन जा.

जाता जाता, वाजपेयींचे दोन्ही गुडघे पंतप्रधान असतानाच बदलले, एक २००० मध्ये आणि दुसरा २००१ मध्ये, ब्रीच कँडीत. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येक जण अस्थिरोगतज्ज्ञ झाला होता. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात ना, ते त्या आठवड्यात पटलं.

चुंबक_उपचार :

ऑपरेशन अजिबात नको. चुंबकाचा पट्टा बांधा, पंधरा दिवसांत गादी परत भरते. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_मास्तर :

वर : माझ्या कपाटात असे दोन पट्टे आहेत. चुंबक चांगले आहेत, फ्रिजला टाचणवही लावायला वापरतो.

पायउचल :

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदिरानगरला. तुमचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

पहिल्यांदा ती रोजची गोळी. दुखण्याच्या बहुतेक गोळ्या बीपी वाढवतात, आणि बीपीच्या काही औषधांसोबत रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. पोटात व्रण होतो तो वेगळाच. बीपीच्या डॉक्टरांना ही गोळी दाखवा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या. गुडघ्याला वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल बऱ्याच जणांना पुरतं, शरीरात कमी भिनतं. तेही डॉक्टरांना विचारूनच.

ग्रेड ही फिल्मची असते, दुखण्याची नसते. ग्रेड ४ घेऊन शेतात राबणारे माझ्याकडे येतात, आणि ग्रेड २ वाले रडत येतात. "गुडघ्यातलं वंगण संपलं" असं लोक म्हणतात, तेही तितकंसं बरोबर नाही. सांधा काही सायकलची चेन नाही. कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजते, हाडाच्या कडा वाढतात, आतलं अस्तर सुजतं आणि भोवतीचे स्नायू आळशी होतात. यातलं शेवटचं आपल्या हातात आहे.

व्यायाम दुखत असताना करायचा का? करायचा, पण मापात. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच असलं, तर चालतं. सकाळी जास्त असलं तर निम्मा करा, बंद नको. झेरॉक्समधला सरळ पाय उचलायचा व्यायाम तुम्हाला आत्ता जड जातोय, तर त्याआधीचा करा : आडवं होऊन गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. आठ-दहा दिवसांनी खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा. मग उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक सोडून देतात.

जिना : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायचीच तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. सिनेमात सगळे चुकीच्या हातात धरतात. आणि त्या दोराच्या जागी मालकांना सांगून पाइप बसवून घ्या. दोर हलतो, पाइप हलत नाही.

वजनाचं बोलायला मला आवडत नाही, कारण सगळे तेवढंच बोलतात. पण एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो. तुमचं ७४ चं ७० झालं तरी हिशेब करा.

एक विचारते. हाताची बोटं सुजतात का? सकाळचा कडकपणा कधी तासभर टिकतो का? तसं असेल तर आमवाताची तपासणी हवी, त्याचा उपचार वेगळा. गुडघा अचानक लाल-गरम होऊन ताप आला, किंवा अडकून सरळच होईना, तर वाट न बघता दाखवायचं.

दोरा_सुई :

बोटं ठीक आहेत, सुई ओवता येते अजून. गोळीचं ऐकून घाबरले. उद्याच विचारते. मास्तर, तुम्ही लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो चुंबकाच्या ओळीवर फार वेळ हसला. त्यानेच मागच्या वर्षी पट्टा आणला होता.

सिडकोची_शकू :

अगं, तुझं खुर्चीचं वाचलं आणि लिहायलाच बसले. मी ५३, पोळ्यांचा व्यवसाय, दोन्ही गुडघे गेलेले. दिवसाला दोनशे पोळ्या जमिनीवर बसून लाटायचे. पहिल्यांदा ओट्यावर उभी राहून लाटल्या तेव्हा सासरे म्हणाले, आता पोळीला चव येणार नाही. गिऱ्हाइकांना आजपर्यंत कळलेलं नाही.

तुझं आधी ते पायमशीन बदल. मशीन तेच ठेव, मोटर बसवून घे. मशीन दुरुस्त करणारा घरी येऊन बसवतो. पाय नुसता टेकवायचा, दिवसभर हलवायचा नाही. आणि बेतायला टेबल. माझ्या बहिणीने जुना दरवाजा चार फळकुटांवर टाकून केलंय, कमरेच्या उंचीचं. संडास देशी असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, लाजू नकोस. मी सहा महिने लाजले, आणि एकदा आतच अडकले. मुलाने दार ढकलून बाहेर काढलं. त्यानंतर लाज वगैरे काही उरली नाही.

सप्तशृंगीच्या गडावर मी पाच वर्षं गेले नव्हते, इथल्या सांडव्यावरच्या देवीलाच नमस्कार करून यायचे. मग कळलं वर ट्रॉली आहे. गेले, खण-नारळ देऊन आले. पायऱ्या चढून गेल्याचं पुण्य कमी पडलं असेल तर देवी माझ्या गुडघ्यांकडे बघून घेईल.

खुर्चीचं मात्र मलाही जमलं नव्हतं. मग गेल्या संक्रांतीला मी दोन खुर्च्या मागितल्या. दुसरीवर कोण बसतं बघू म्हटलं. शेजारच्या वहिनी चटकन येऊन बसल्या. वर्षभर गुडघा दुखत होता बिचारीचा, सांगत नव्हती.

निवृत्त_मास्तर :

दोन खुर्च्या! हे मला सुचायला हवं होतं. मी भजनाला भिंतीला टेकून उभाच राहायचो, लोकांना वाटायचं मास्तर तल्लीन झालेत.

पायउचल :

शकूताईंच्या मोटरला आणि टेबलाला माझा पाठिंबा. हे सुचलं नव्हतं मला. फक्त एकाच जागी दोन-दोन तास उभंही राहू नका. अर्ध्या तासाने चार पावलं.

दोरा_सुई : (एकवीस दिवसांनंतर)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

बीपीच्या डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, जेल दिलं. क्रिएटिनिन ठीक आलं, पण "अजून वर्षभर असंच घेतलं असतंत तर" एवढं म्हणून ते थांबले. पहिले चार दिवस वाईट गेले, खोटं नाही बोलत. टॉवेलचा व्यायाम चालू आहे. तिसऱ्या आठवड्यात सोडावासा वाटला, तेव्हा पायउचल यांचं वाक्य आठवलं आणि राग येऊन केला. रात्री एकदा जाग येते, पूर्वी तीनदा यायची. वजन अजून ७४च.

मोटर बसवली. पहिल्या दिवशी पाय आपोआप हलत होता, मशीन शांत आणि मी पायडल मारतेय. वेग आवरेना, एका गिऱ्हाइकाच्या बाहीवर शिवण वाकडी गेली, उसवून परत घातली. टेबल झालं. सासूबाई त्यावर तांदूळ निवडायला बसायच्या म्हणाल्या, मी नाही म्हटलं.

दोराच्या जागी पाइप अजून नाही. मालक म्हणतात वाडा पाडायचाच आहे. गेली अकरा वर्षं पाडायचाच आहे. उतरताना दुखरा पाय आधी टाकते, दोन दिवस उलटंसुलटं झालं, आता बसलं.

ऑपरेशनचं अजून ठरवलं नाही. तिसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मांडीचं आणि अंदाजपत्रकाचं मास्तरांनी लिहिलंय ते कागदावर उतरवून नेणार.

शकू, तू मागे निरोपात म्हणालीस ते जमेल. गोल्फ क्लबच्या मैदानावर रविवारी सकाळी साडेसहाला मी येते. चालायला येईन की बाकावर बसायला, ते त्या दिवशीच्या गुडघ्यावर. मास्तर, तुम्हाला नाशिकरोडहून लांब पडेल, पण आलात तर बाकावर जागा धरून ठेवू. आणखी कोणी येणार असेल तर इथेच लिहा. चहाचा थर्मास मी आणते, साखर वेगळी.