नवीन लॅपटॉप घेताना आधी रॅम बघा

तुम्ही विचारताय की नव्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर i5 घ्यावा की i7, पण माझ्या मते त्याआधी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, फायली साठवायची डिस्क) बघा. माझा जुना लॅपटॉप २०१४ चा, ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्डडिस्क, सुरू करून चहा टाकायला जायचे आणि चहा गाळून आले तरी ते गोल चक्र फिरतच असायचं. मागच्या दिवाळीत १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची, एसएसडी असलेला घेतला, झाकण उघडून नीट बसेपर्यंत पासवर्ड विचारतो, खरंच खूप बरं वाटलं. फरक साहजिक आहे, साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, एनव्हीएमई काही हजार. आणि रॅम नंतर वाढवता येते का हे दुकानात विचाराच, बऱ्याच पातळ मॉडेल्समध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग जे घेतलं तेच शेवटपर्यंत.

अजून एक, जुन्या मराठी फायली! आईच्या पाककृती मी नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (तोच फॉन्ट असेल तरच मराठी दिसतं, अशी जुनी पद्धत) टाइप केल्या होत्या, नव्यावर उघडल्या तर 'पुरणपोळी'च्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, पोटात गोळाच आला. जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट आणून टाकला तेव्हा दिसल्या, आता एकेक करून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, बदलतेय. म्हणून जुना लगेच एक्स्चेंजला देऊ नका, निदान महिनाभर तरी ठेवा.