जेन एअर : तुमचे अनुभव लिहा

१८४७ साली ‘करर बेल’ या टोपणनावाने आलेली शार्लट ब्रॉन्टीची ही कादंबरी आपल्याकडे बहुतेकांना भेटते ती शाळकरी संक्षिप्त आवृत्तीतून, नाहीतर बी.ए.च्या अभ्यासक्रमातून. आईबाप नसलेली जेन मामीकडून लोवूडच्या शाळेत, तिथून गव्हर्नेस म्हणून थॉर्नफील्डच्या वाड्यावर आणि मग उपाशीपोटी माळरानावर. तुम्ही ती कधी वाचलीत? कुठला प्रसंग अजून पाठ सोडत नाही? थॉर्नफील्डचा मालक आणि जेनचा प्रियकर रॉचेस्टर, त्याच्यावरून भांडणं होणार हे गृहीत धरलंय, पण आधी अनुभव.

*

माझी मामी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. पण पडद्याआड पक्ष्यांचं पुस्तक बघत बसलेल्या जेनला मामेभाऊ सुनावतो, की आमच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, तू आश्रित आहेस. आणि तेच पुस्तक तिला फेकून मारतो. तिथे मी वाचायची थांबले. मला कुणी कधी बोट लावलं नाही. फ्रीज उघडायला परवानगी लागायची नाही, तरी मी दर वेळी विचारायचे. मामेबहीण हसायची, “विचारतेस काय, घे की!” तिला ते कळणं शक्यच नव्हतं.

*

मी वसतिगृहातला. करपलेली लापशी आम्हाला नवी नाही. लोवूडचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट मुलींचे केस कापायचं फर्मान सोडतो आणि तेवढ्यात त्याच्याच बायको-मुली मखमल, रेशीम, कुरळे केस मिरवत आत येतात, तिथे मी मोठ्याने हसलो होतो. आमच्याकडे पाहुणे यायच्या दिवशीच आमटीत डाळ सापडायची. पुढे कळलं की शार्लटच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, अशाच शाळेत आजारी पडून १८२५ मध्ये गेल्या. मग लोवूडमधल्या जेनच्या मैत्रिणीचं, हेलन बर्न्सचं मरण पुन्हा वाचवेना.

*

सगळे रॉचेस्टरकडे बघतात. माझ्या मते जेनला घर मिळतं ते माळरानावरून आसरा देणाऱ्या आतेभावंडांच्या मूर हाउसमध्ये. काकाचे वीस हजार पौंड एकटीच्या नावावर आलेले असताना ही बाई तिन्ही आतेभावंडांना समान वाटे देते, प्रत्येकी पाच हजार. आणि नाताळच्या आधी सगळं घर वरपासून तळघरापर्यंत घासूनपुसून काढते! आमच्याकडे सातबाऱ्यावरून चुलत घराण्यांत बोलणं बंद आहे, त्यामुळे वकिलाच्या कागदांचा तो भाग मी प्रेमकथेपेक्षा जास्त वेळा वाचलाय.

*

त्यांतल्या आतेभावाला, सेंट जॉनला विसरू नका! तो जेनला जर्मन सोडून हिंदुस्तानी शिकायला लावतो, कारण मिशनरी म्हणून इकडे यायचंय आणि सोबत बायको हवी. बहीण म्हणून यायला ती तयार, बायको म्हणून नाही. त्याची बहीण डायना तिला म्हणते की कलकत्त्यात भाजून निघशील. मी हे मे महिन्यात नागपुरात वाचलं. डायनाचं शंभर टक्के पटलं.

*

आणि रॉचेस्टरची पहिली बायको बर्था? तीस हजार पौंड हुंडा घेऊन जमैकातून आणलेली बायको तिसऱ्या मजल्यावर कोंडायची, आणि लग्नाच्या गोष्टी जेनशी. जीन ऱ्हीसने १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून तिची बाजू मांडली. ती वाचल्यावर मी बर्थाने लावलेली थॉर्नफील्डची आग वेगळ्या नजरेने वाचते. रॉचेस्टरचा हात गेला, डोळे गेले, तरी माझ्याकडून माफी नाही. या आता भांडायला.