मदत हवी आहे : लहानपणीचा बाहुल्यांचा सिनेमा पुन्हा पाहिला आणि हिरमोड झाला

मंडळी, लहानपणी ज्या बाहुलीपटाने वेड लावलं होतं, तो परवा पुन्हा पाहिला. कथा अगदीच पातळ, नायकाचा चेहरा मख्ख, आणि गाणी तर पुढे ढकलावी लागली. (खलनायक मात्र अजूनही झकास!)

तरी तो टाकून द्यायला मन होईना, म्हणून दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिला. तेव्हा जरा गंमत आली. असल्या सिनेमांत सेट बऱ्याचदा जमिनीपासून उंच बांधतात. कलाकार खाली लपून, हात डोक्यावर धरून, समोरच्या मॉनिटरवर बघत बाहुली चालवतात. म्हणूनच तिचे पाय क्वचित दिसतात! आणि नुसती मान किंचित कलली, की कापसाचा गोळा विचारात पडल्यासारखा वाटतो. १९८२ चा 'द डार्क क्रिस्टल' तर पडद्यावर एकही माणूस न दाखवता केलेला, हे आठवून हात जोडले.

आता पुढच्या आठवड्यात भाचीला दाखवायचाय. कथेकडे काणाडोळा करून आणखी काय बघावं? प्रकाशयोजना, पापण्या, मागच्या गर्दीतल्या बाहुल्या? आणि माझी निराशा तिला आधीच सांगू की गप्प बसू?