सरकारी शाळा फुकट, मग शाळेपायी घर एवढं महाग का?

वडोदऱ्याची निवृत्त शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहते. नगरपालिकेच्या मराठी शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. प्रश्न अमेरिकेतल्या शाळांचा आहे, पण माझा जीव त्यात अडकलाय.

मुलगा टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला असतो. नात ऑगस्टपासून किंडरगार्टनला जाईल. रविवारी त्यानं व्हिडिओ कॉलवर दोन घरं दाखवली. दोन्हीकडे तीन खोल्या, पुढे गवत, मागे ओटा. एका फोटोखाली हिरव्या गोलात ९, दुसऱ्याखाली नारिंगी गोलात ४. मला वाटलं घराला मार्क दिलेत. तो म्हणाला, "आई, हे त्या भागातल्या शाळेचे. घर जिथे, सरकारी शाळा तिथलीच मिळते." ९ वालं घर जवळजवळ दुप्पट महाग. आणि शाळा दोन्ही सरकारी, फी दोन्हीकडे शून्य! पैसे कमी पडतात म्हणून वाड्यातला माझा वाटा विकायचा का, असं त्यानं चाचरत विचारलं. त्या रात्री मला झोप नाही.

मला एवढंच समजून घ्यायचंय की सरकारी शाळेत असा फरक पडतो कसा? आमच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. मी मांडवीत शिकवलं, मांजलपुरात शिकवलं, पगार तोच, खडूचा डबाही तोच. आजूबाजूच्या घरांचे भाव बघून कुणी खडू दिले नाहीत.

ह्यूस्टनहून परतलेला, अलकापुरी

काकू, तिथे शाळेच्या बाबतीत "सरकार" एक नाही. १३ हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा कारभार बघणारे स्थानिक विभाग, आहेत आणि बहुतेकांचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, कर वेगळा. शाळांच्या खर्चात वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, वाटा साधारण दहावा हिस्सा. बाकीचा ढोबळमानाने निम्मा राज्य देतं, निम्मा स्थानिक पैसा, आणि तो बहुतांशी घरपट्टीतून, म्हणजे आपण ज्याला वेरो म्हणतो त्यातून. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे वेऱ्यावर भार जास्त. घरं महाग, तर कमी दरानेही शाळेला पैसा भरपूर.

तुमचा मुलगा ज्या शहरात आहे, तिथलाच हा प्रसिद्ध खटला. एजवूड हा गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांचा डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ मध्ये तिथे १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता आणि त्यातून दर मुलामागे जमायचे २६ डॉलर. त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये कर फक्त ८५ सेंट आणि मुलामागे ३३३ डॉलर! कर जास्त भरणाऱ्याच्या मुलाला कमी. १९६८ मध्ये एजवूडची मुलं निषेध म्हणून वर्गाबाहेर पडली, डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क नाही. हा निकाल वाचताना माझा आजही संताप होतो.

पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयानं एजवूडच्या बाजूनं निकाल दिला आणि १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडचा जादा पैसा काढून घ्यायची पद्धत आली. तिला तिथे "रॉबिन हूड" म्हणतात. त्यामुळे आजची तफावत तेव्हाइतकी राहिलेली नाही. मुलाला हे जरूर सांगा.

रावपुऱ्याची लेक, न्यू जर्सी

मावशी, मी इथे प्राथमिक शाळेत बाईंच्या मदतनीस म्हणून काम करते. ते ९ आणि ४ मुख्यतः परीक्षेच्या मार्कांवरून येतात, आणि मार्कांच्या मागे बरंचसं आईबापांचं उत्पन्न उभं असतं. जिची आई दोन नोकऱ्या करते, ती मुलगी गृहपाठ कुणाकडून करून घेणार? नारिंगी ४ म्हणजे तिथली बाई वाईट शिकवते, असा अर्थ अजिबात काढू नका.

पैशानं फरक पडतो, हे मात्र खरं. आमच्या राज्यात अ‍ॅबट नावाचा खटला वर्षानुवर्षं चालला. १९९० मध्ये कोर्टानं सांगितलं की गरीब शहरांतल्या मुलांवर श्रीमंत उपनगरांइतका खर्च झालाच पाहिजे. १९९८ मध्ये त्या डिस्ट्रिक्टांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी द्यायचा आदेश निघाला. मी अशा बालवाडीत बसले आहे. इंग्रजीचा शब्द न येणारी पोरं डिसेंबरपर्यंत गोष्ट सांगायला लागतात.

आणि खडूचं म्हणाल तर इथे शिक्षिका पदरचे पैसे घालतात. सरकारलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर अशा खर्चावर ठराविक रकमेपर्यंत करात वजावट मिळते. आमच्या वर्गातल्या बाईंनी ऑक्टोबरात स्वतःच्या पैशानं दोन मुलांना स्वेटर आणले. ते कुठल्या गोलात दिसणार?

माजी हेडमास्तर, इंदूर

ताई, मार्कांचं हे वेड २००२ च्या कायद्यानं वाढवलं. तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन-गणिताची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल उत्तीर्ण, अशी अट होती. ती पुरी होणं शक्यच नव्हतं. २०१५ मध्ये कायदा बदलला, परीक्षा मात्र राहिल्या. एका आकड्यासाठी वाड्यातला वाटा विकू नका, हे मी हात जोडून सांगतो.

वडोदऱ्याची निवृत्त शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. २६ आणि ३३३ हे आकडे कागदावर लिहून मुलाला वाचून दाखवले. सहा वर्षं तिथे राहून त्याला हे ठाऊक नव्हतं. थोडा वेळ तो गप्पच होता.

वाट्याचा कागद मी कपाटात परत ठेवलाय. हट्टानं नाही. नातीचं नुकसान होणार असेल, तर आजही सही करीन. पण आधी शाळा बघा म्हटलं. गुरुवारी दोघं त्या ४ वाल्या शाळेत जाणार आहेत. सुनेला तीन प्रश्न लिहून दिलेत: पहिलीच्या वर्गात मुलं किती, त्याच बाई किती वर्षं टिकून आहेत, आणि गोष्टीची पुस्तकं पोरांच्या हाताला येतील अशी ठेवलीत की कुलपात.