टॉवेलची ऑर्डर अडकली, त्यावर थोडं

दादा, अ‍ॅडव्हान्स घेऊन कारखानदारानं हॉटेलचे टॉवेल दिवाळीआधी दिले नाहीत, काय करू असं तुम्ही विचारलंत, त्यावर वर दोघातिघांनी सरळ ४२० टाका म्हणून सांगितलंय, पण नुसता करार मोडला की फसवणूक होत नाही, पैसे घेतानाच त्याच्या मनात खोट होती हे दाखवावं लागतं, आणि ते कलम पण आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. तुमचं मॅटर दिवाणी आहे ओ, फौजदारी नाही.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ बघा. समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून दुसऱ्याकडनं तोच माल १२० ऐवजी १४५ ला उचलला, तर नगामागं २५ चा फरक मागता येतो, अ‍ॅडव्हान्स वेगळा. उगं बसून नुकसान वाढवलंत तर कोर्ट ते धरत नाही. करारात उशिरासाठी 'रोज ५ हजार दंड' लिहिलंय म्हणून सगळे मिळतील ह्या भ्रमात राहू नका, कलम ७४ नं ती फक्त वरची मर्यादा, वाजवी वाटेल तेवढंच देतात.

खरी गोम कलम ५५ मध्ये आहे, ती कुणीच सांगितली नाही. तो आता उशिरा गाठोडी आणून टाकेल, तुम्ही गपगुमान उतरवून घेतलीत तर उशिराची भरपाई गेली! घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, 'भरपाईचा हक्क राखून माल घेतोय' असं लिहून टाका. दाव्याला करार मोडल्यापासून ३ वर्षं असतात, पण वकिलाची नोटीस ह्याच आठवड्यात जाऊ द्या.